विजेच्या ब्रिटिश गाड्यांचा इतिहास: काय वाचावे, कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा आहे: "इलेक्ट्रिकल शाखेचा पदवीधर आहे, रोज लोकलने जातो-येतो. ब्रिटिश रेल्वेचा, त्यातही विजेच्या गाड्यांचा इतिहास वाचायचा आहे. कुणाला यादी मागितली की वाफेच्या इंजिनांचीच पुस्तके पुढे येतात. सुरुवात कुठून करू?"

तुमची तक्रार रास्त आहे. ब्रिटनमध्ये रेल्वेची पुस्तके लिहिणारी आणि विकत घेणारी मोठी पिढी म्हणजे १९५०च्या दशकात फलाटाच्या टोकाला वही घेऊन इंजिनांचे नंबर टिपणारी मुले. ब्रिटिश रेल्वेवरची नेहमीची वाफेची गाडी ऑगस्ट १९६८ मध्ये बंद झाली आणि ही मुले पुढे आयुष्यभर त्या वाफेबद्दल लिहीत राहिली. त्यांच्या पुस्तकांत विजेची गाडी शेवटच्या प्रकरणात येते, तीही बहुधा खलनायक म्हणून. चित्रे सुंदर असतात, पण तुमच्या कामाची नसतात.

माझी नोकरी मध्य रेल्वेच्या ट्रॅक्शन खात्यात, म्हणजे गाड्या विजेवर चालवणाऱ्या खात्यात गेली, तेव्हा माझा कल आधीच सांगून टाकतो. विजेच्या गाडीचा इतिहास इंजिनात कमी आणि सबस्टेशनात (गाडीला लागेल तशी वीज करून देणाऱ्या केंद्रात) व जमाखर्चात जास्त सापडतो. कोणता व्होल्टेज, तारेतून की रुळातून, वीज कुणाची आणि पैसे कुणी दिले, या चार प्रश्नांभोवती ब्रिटनमध्ये सत्तर-ऐंशी वर्षे भांडणे चालली. पुस्तक विकत घेण्यापूर्वी मी शेवटची सूची उघडतो. तिच्यात सबस्टेशन, पॉवर स्टेशन, कर्ज हे शब्द नसतील आणि नुसत्या इंजिनांच्या वर्गांची रांग असेल, तर ते पुस्तक परत फळीवर जाते.

पाया म्हणून ख्रिश्चन वोल्मर यांचे 'फायर अँड स्टीम' घ्या. २००७चे आहे, भाषा सोपी आहे, आणि १८३०च्या लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गापासून खासगीकरणापर्यंतचा सगळा पट एका दमात वाचून होतो. विजेला त्यात जागा थोडी आहे, पण कंपन्या शेकड्यांनी का निघाल्या, १९२३ मध्ये त्यांच्या चार का झाल्या आणि १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण का झाले, हे डोक्यात बसल्याशिवाय पुढचे काही उमगणार नाही. जोडीला जॅक सिमन्स आणि गॉर्डन बिडल यांनी संपादित केलेला 'ऑक्सफर्ड कम्पॅनियन टू ब्रिटिश रेल्वे हिस्टरी' हा १९९७चा कोश हाताशी ठेवा. तो सलग वाचायचा नाही. नाव अडले की उघडायचा.

त्यानंतर लंडनचे भुयार. त्याआधीचे प्रयोग झटपट उरका: ॲबर्डीनच्या रॉबर्ट डेव्हिडसनचे १८४२चे बॅटरीवरचे इंजिन, आणि ब्रायटनच्या किनाऱ्यावर १८८३ पासून धावणारी मॅग्नस फोक यांची छोटी रेल्वे. खरी सुरुवात सिटी अँड साउथ लंडन रेल्वेची, डिसेंबर १८९०. खोल भुयारातली जगातली पहिली विजेची रेल्वे. गंमत म्हणजे ती दोराने ओढायची ठरली होती. दोर पुरवणारी कंपनीच बुडाली आणि ऐनवेळी वीज आली. डब्यांना खिडक्या जवळजवळ नव्हत्याच, भुयारात पाहायचे काय, म्हणून. वोल्मर यांचेच 'द सबटरेनियन रेल्वे' (२००४) यासाठी पुरे. त्यात दोन जागी थांबून वाचा.

एक, सेंट्रल लंडन रेल्वे. १९०० मध्ये ती सुरू झाली तेव्हा पुढे जड विजेची इंजिने होती. त्यांच्या धक्क्यांनी वरची घरे थरथरू लागली आणि तक्रारी आल्या. १९०३ पर्यंत इंजिने काढून मोटरी डब्यांखालीच बसवल्या आणि सगळ्या एका मोटरमनच्या हाताखाली आणल्या. ही मल्टिपल युनिटची कल्पना अमेरिकेतल्या फ्रँक स्प्रेगची, शिकागोतली, १८९७ची. तुमची लोकल शेवटच्या स्टेशनात इंजिन न बदलता उलटी फिरते, ती या कल्पनेमुळे. दुसरी जागा म्हणजे मेट्रोपॉलिटन आणि डिस्ट्रिक्ट या दोन कंपन्यांचे १९०१चे भांडण. रूळ एकमेकींचे वापरायच्या, त्यामुळे वीज एकच हवी. एकीला हंगेरीच्या गान्झ कंपनीची तीन फेजची एसी (दिशा सतत बदलणाऱ्या विजेची) पद्धत पसंत होती. दुसरी शिकागोच्या चार्ल्स यर्कीस या धनकोच्या हातात गेली होती आणि त्याला डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) हवी होती. प्रकरण लवादाकडे गेले, डीसी जिंकली. लंडनच्या भुयारांत आजही चार रूळ दिसतात. वीज एका बाजूच्या रुळाने येते आणि मधल्या रुळाने परत जाते, म्हणजे ती चाकांच्या रुळातून निसटून आजूबाजूच्या लोखंडी नळांत शिरत नाही.

आता मुख्य भाग, लंडनच्या दक्षिणेची सदर्न रेल्वे. तिथे आजही चाकांच्या दोन रुळांशेजारच्या, वीज देणाऱ्या तिसऱ्या रुळावर, ७५० व्होल्टवर गाड्या चालतात आणि हे पाहून प्रत्येक भारतीय इंजिनियर विचारतो, एवढी शहाणी माणसे, हा मूर्खपणा का केला? हिशेब करून पाहा. गाडीला ३००० किलोवॉट हवेत तर ७५० व्होल्टवर ४००० अँपिअर लागतात, १५०० वर २०००, आणि २५ हजार व्होल्टवर फक्त १२०. चार हजार अँपिअर लांब नेता येत नाहीत, म्हणून दर पाच-सहा किलोमीटरवर सबस्टेशन बांधावे लागते. शिवाय बर्फ पडला की रूळ गोठतो, आणि रुळावर पाय पडला की माणूस मरतो.

पण १९२५ साली लंडनमध्ये बसून तोच हिशेब करा. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या कंपनीने १९०९ मध्ये ६७०० व्होल्टची एसी तार टाकली होती. तंत्र उत्तम, पण सामान जर्मनीच्या एईजीचे. १९१४ ला युद्ध सुरू झाले आणि विस्तार तिथेच अडकला. शेजारच्या लंडन अँड साउथ वेस्टर्नने १९१५ पासून ६०० व्होल्टचा तिसरा रूळ टाकायला घेतला होता. पूल उंच करायला नको, बोगदे रुंद करायला नकोत, मैलामागे खर्च कमी. १९२३ मध्ये दोन्ही कंपन्या सदर्न रेल्वेत आल्या, आणि जनरल मॅनेजर झाले हर्बर्ट वॉकर, तिसऱ्या रुळाच्या बाजूचे. १९२६ मध्ये निर्णय जाहीर झाला आणि १९२९ मध्ये शेवटची एसी गाडी धावून तारा उतरवल्या गेल्या. पुढच्या शंभर वर्षांचा विचार केला तर निर्णय चुकला. पण वॉकरकडे शंभर वर्षे नव्हती. त्यांच्याकडे भागधारक होते आणि बस-ट्रामकडे पळणारे प्रवासी होते.

या भागावर तीन नावे. जी. टी. मूडी यांचे 'सदर्न इलेक्ट्रिक' हे तारखांचे आणि मार्गांचे भांडार. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अजून मिळतात. कोरडे आहे. कुठला तुकडा कोणत्या तारखेला चालू झाला याची यादी वाचून मन भरत नाही, पण वादात पुरावा म्हणून हेच उघडावे लागते. चार्ल्स क्लॅपर यांचे 'सर हर्बर्ट वॉकर्स सदर्न रेल्वे' (१९७३) माणसाबद्दल आहे आणि जास्त रसाळ आहे, पण लेखक वॉकरच्या प्रेमात आहे हे लक्षात ठेवून वाचा. तिसरे सायमन ब्रॅडली यांचे 'द रेल्वेज' (२०१५), जे सदर्नपुरते नाही. डबे, तिकिटे, फलाट, प्रवाशांच्या सवयी हे त्याचे विषय. रात्री झोपण्यापूर्वी वाचायला याच्यासारखे दुसरे नाही.

सदर्नबद्दल वाचताना पैशाचा धागा सोडू नका. १९२९ मध्ये सरकारने प्रवासी भाड्यावरचा जुना कर रद्द केला, पण वाचलेल्या रकमेचे भांडवली मूल्य सुधारणांवर खर्चायच्या अटीवर. लंडन-ब्रायटन मुख्य मार्ग विजेवर आला तो १ जानेवारी १९३३ ला, यात त्या अटीचा वाटा होता. दुसरे म्हणजे वीज. साउथ वेस्टर्नने विम्बल्डनजवळ स्वतःचे पॉवर स्टेशन बांधले होते. ब्रायटनच्या वेळी राष्ट्रीय ग्रिड तयार होत आले होते, म्हणून वीज विकत घेतली. सबस्टेशनांत एसीची डीसी करणारे फिरते कन्व्हर्टर आणि त्यांच्यापाशी बसलेले कर्मचारी जाऊन तेच काम न फिरता करणारे मर्क्युरी आर्क रेक्टिफायर आले, आणि ते दुरून चालवता येऊ लागले. रेल्वेचे स्वतःचे ठाकुर्लीचे चोळे पॉवर हाऊस ज्यांना आठवते त्यांना रेल्वेने स्वतःची वीज करायची की घ्यायची हा वाद नवा नाही.

इथून उत्तरेला न्यूकॅसलकडे या, कारण आपल्याकडचा धागा तिथून निघतो. चार्ल्स मर्झ हा तिथला वीज-अभियंता. नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १९०४ मध्ये टाइन नदीकाठच्या उपनगरी गाड्या विजेवर घेतल्या, त्याच्यामागे ट्रामशी स्पर्धा होती आणि मर्झच्या कंपनीची स्वस्त वीजही. पुढे याच रेल्वेने शिल्डन ते न्यूपोर्ट हा कोळशाचा मार्ग १९१५ मध्ये १५०० व्होल्ट डीसीच्या तारेवर घेतला. मुख्य यांत्रिक अभियंता व्हिन्सेंट रेव्हन यांना यॉर्क-न्यूकॅसल मुख्य मार्गही विजेवर आणायचा होता. त्यासाठी त्यांनी १९२२ मध्ये १३ नंबरचे एक्सप्रेस इंजिनही बांधले. मार्ग विजेवर आला नाही, इंजिनाला काम मिळाले नाही, १९५० मध्ये ते भंगारात गेले. कोळसा घटला तसे शिल्डनलाही १९३५ मध्ये वाफ परत आली.

ब्रिटनमध्ये हे असे मागे-पुढे चालले असताना मुंबईत काय झाले? मर्झ अँड मॅकलेलन हीच सल्लागार कंपनी जीआयपीकडे (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) होती आणि तोच १५०० व्होल्ट डीसी इथे आला. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला, हार्बरवरून, पहिली विजेची गाडी; १९२९-३० पर्यंत पुणे आणि इगतपुरी. घाटासाठी ईएफ-१ ही मालगाडीची इंजिने आली, पहिली दहा स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची आणि उरलेली एकतीस इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची. पैकी एकावर गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव होते, ते आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ब्रिटनच्या कमिट्या, १९२१ची केनेडी आणि १९२७ची प्रिंगल, १५०० व्होल्टची शिफारस कागदावर करत होत्या. १९३१च्या वेअर कमिटीने तर जवळजवळ सगळी रेल्वे विजेवर आणायला सांगितले. त्या कमिट्यांच्या देशात तेव्हा लांब पल्ल्याचा घाटमार्ग विजेवर नव्हता, आणि कसाऱ्याच्या घाटात १५०० व्होल्टची इंजिने चढत होती. ब्रिटिश लेखक हे फारसे सांगत नाहीत. वाचताना कोपऱ्यात १९२५ आणि १९२९ लिहून ठेवा, मग तिथली टाळाटाळ जास्त स्पष्ट दिसते.

ब्रिटनला स्वतःचा घाट विजेवर घ्यायला १९५४ उजाडले. मँचेस्टर-शेफील्ड-वाथ, म्हणजे वूडहेडचा मार्ग. माझा सर्वांत आवडता विषय हा, आणि एकाच मार्गावर खोल वाचायचे असेल तर हाच निवडा. योजना १९३०च्या दशकातली, एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) कंपनीची, युद्धाने थांबवली. नमुन्याचे एक इंजिन १९४१ मध्ये तयार झाले, पण वर तार नव्हती. युद्धानंतर ते हॉलंडला उसने दिले, कारण तिथे १५०० व्होल्ट होते आणि इंजिने नव्हती. डच लोकांनी त्याचे नाव टॉमी ठेवले. मार्गावर वर्सबरोचा चढ आहे, चाळीसाला एक, म्हणजे चाळीस मीटरला एक मीटर. आपला बोरघाट सदतिसाला एक. तिथेही कोळशाच्या गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिने (बँकर) लागत. उतरणारी भरलेली गाडी मोटरींना जनित्र बनवून तारेत वीज परत देई आणि ती चढणारी गाडी वापरी. आमच्याकडे ईएफ-१ घाटात हेच करत असे. यातली अडचण पुस्तकात क्वचित सापडते: रेक्टिफायर सबस्टेशन एकेरी असते, वीज ग्रिडला परत देत नाही. त्याच वेळी वीज घेणारी दुसरी गाडी नसेल, तर ती जिरवायला सोय करावी लागते, नाहीतर ब्रेक हातातून जातो. वूडहेडवरच्या पुस्तकात या गोष्टीवर एक परिच्छेद तरी आहे का ते पाहा. असेल तर लेखकाला विषय कळला आहे.

नवा दुहेरी बोगदा, नवी इंजिने, सगळे १९५४ मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास मध्य रेल्वेला इंग्लिश इलेक्ट्रिकची डब्ल्यूसीएम-१ इंजिने मिळाली, तीही १५०० व्होल्टची. आणि दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, ब्रिटनने जाहीर केले की यापुढे २५ हजार व्होल्ट, ५० सायकल एसी. म्हणजे वूडहेड तरुणपणीच जुना झाला. मँचेस्टर-शेफील्ड प्रवासी गाड्या जानेवारी १९७० मध्ये बंद. प्रवासी गाडीची सात इंजिने हॉलंडला विकली, तिथे ती आणखी बरीच वर्षे धावली. कोळसा कमी झाला आणि जुलै १९८१ मध्ये घाटातला मार्गच बंद. मालगाडीचे एक इंजिन, २६०२०, यॉर्कच्या संग्रहालयात आहे. ब्रिटिश लेखक इथे भावुक होतात आणि सरकारला दोष देतात. मला ते अर्धेच पटते. १५०० व्होल्ट चुकीचे असते तर मुंबईने ते नव्वद वर्षे चालवले नसते. आपण ते २०१६ पर्यंत हळूहळू सोडले. वूडहेडला मारले ते एकटेपणाने. आजूबाजूला त्या व्होल्टेजचे जाळे नव्हते, आणि ज्या मालासाठी मार्ग होता तो मालच राहिला नाही.

२५ हजारचा निर्णय समजायला फ्रान्सकडे पाहावे लागते. लुई आर्माँ यांच्या नेतृत्वाखाली तिथे औद्योगिक फ्रिक्वेन्सीवरचे, म्हणजे कारखान्यांना मिळते त्याच ५० सायकल विजेवरचे, प्रयोग झाले, आणि ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य विद्युत अभियंत्याने, एस. बी. वॉर्डर यांनी, ते आपल्या देशात रेटले. आपणही त्याच दशकात फ्रेंचांच्या सल्ल्याने तेच घेतले. या काळासाठी टी. आर. गुर्विश यांचे 'ब्रिटिश रेल्वेज १९४८-७३: अ बिझनेस हिस्टरी' (१९८६) वाचाच. जाड आहे, तक्ते आहेत, विनोद शून्य. पण १९५५च्या १२४ कोटी पौंडांच्या आधुनिकीकरण योजनेत आकडे कसे धरले गेले, लंडन-मँचेस्टर-लिव्हरपूल विद्युतीकरण १९६०च्या सुमारास सरकारने कसे अडवून पुन्हा तपासले, आणि १९६६ मध्ये लंडनच्या यूस्टन स्टेशनपर्यंत वीज आल्यावर प्रवासी कसे धावत आले, हे कागदपत्रांवरून सांगणारे दुसरे पुस्तक नाही. १९७४ नंतरचा भाग त्यांच्याच पुढच्या खंडात, २००२च्या. तुम्ही अभियंता आहात, म्हणून हे दोन खंड कंटाळवाणे वाटतील. तरीही वाचा. शेडमधल्या माणसाला न दिसणारी अर्धी गोष्ट तिथे आहे.

तंत्राची उलटलेली गोष्टही वाचावी, ग्लासगोच्या विजेच्या निळ्या लोकल गाड्यांची. नोव्हेंबर १९६० मध्ये सुरू झाल्या, ट्रान्सफॉर्मर फुटू लागल्याने डिसेंबरात सगळ्या मागे घेतल्या, वाफेच्या गाड्या परत आणल्या, आणि दुरुस्त होऊन १९६१च्या शरदात पुन्हा आल्या. यावर कुणाच्या आठवणी वाचण्यापेक्षा सरकारी चौकशी अहवाल वाचा. ब्रिटनमध्ये रेल्वे अपघातांचे अहवाल एकोणिसाव्या शतकापासून छापले जातात. त्यांतले शेकडो आता फुकट वाचायला मिळतात. भाषा स्वच्छ, दोष कुणाचा ते थेट. त्या अहवालांवर उभे असलेले एल. टी. सी. रोल्ट यांचे 'रेड फॉर डेंजर' (१९५५) हे अपघातांवरचे सर्वांत चांगले पुस्तक. विजेबद्दल त्यात थोडेच आहे, पण १९१५च्या क्विंटिन्सहिलच्या अपघातात लाकडी डबे आणि गॅसचे दिवे यांनी काय केले ते वाचले की डब्यात विजेचा दिवा यायला किती माणसे मरावी लागली ते समजते.

क्रम विचाराल तर: 'फायर अँड स्टीम', मग 'सबटरेनियन रेल्वे', मग क्लॅपर, मूडी शेजारी ठेवून. नंतर वूडहेडवर जे मिळेल ते, सूची तपासून. मग गुर्विश. चित्रांचे अल्बम मध्ये कधीही, पण छायाचित्रात इंजिनाकडे पाहून झाले की खांबांकडे पाहायची सवय लावा. १९८४ ते १९९१ मध्ये ईस्ट कोस्ट मार्गावर पैसे वाचवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी दोन बाजूंच्या खांबांमध्ये आडवी तार ताणून चारही रुळांच्या तारा तिच्यावर लटकवल्या. एका रुळावर तार तुटली की चारही बंद. हा निर्णय फोटोत स्पष्ट दिसतो, मजकुरात बहुधा नसतो.

अगदी अलीकडचे पुस्तकांत शोधू नका. ग्रेट वेस्टर्न मार्गाचे विद्युतीकरण, त्याचा फुगलेला खर्च, ऑक्सफर्ड आणि बाथसारखी पुढे ढकललेली स्टेशने, जानेवारी २०२० मध्ये कार्डिफला पोचलेली तार, हे सगळे ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या नोव्हेंबर २०१६च्या अहवालापासून वाचायला घ्या. पन्नासेक पाने आहेत आणि फुकट आहे. सर्वेक्षण पुरे होण्याआधी आणि कामाचा आवाका ठरण्याआधी गाड्यांची ऑर्डर दिली की काय होते, ते तिथे आकड्यांसह लिहिले आहे.